ओल्या गल्लीतला उतारू

१

आमच्या गावाने जागेवरून न हलता देश बदललाय. तुमच्या गावाने बदललाय का? नाही ना? मग जरा आदराने वाचा.

झालं असं की नदी ही दोन मुलखांमधली सीमा. अलीकडचे आम्ही, पलीकडचे ते. नकाशावर हे फार सोपं दिसतं, कारण नकाशावरची नदी हलत नाही. आमची हलते. माझ्या पणजोबांच्याही आधी कधीतरी तिने एका पुरात कूस बदलली आणि गावाच्या मधून उठून गावाच्या पलीकडे जाऊन निजली. समोरच्या काठावरची माणसं सकाळी उठली ती थेट आमच्या देशात. चुली त्याच, सासवा त्याच, राजा तेवढा नवा. दोन्हीकडचे साहेब बरीच वर्षं भांडले, खांब रोवले, उपटले, पुन्हा रोवले. शेवटी सीमेने नदीबरोबरच फिरावं असं ठरलं, कारण नदीला नोटीस बजावायला जाणार कोण?

जुन्या पात्रात मग भराव पडला, वर फरशी बसली, आणि तिथे आज आमची गल्ली आहे. ओली गल्ली. नाव ओली, पण एरवी कोरडी ठणठणीत. दोन्ही बाजूंच्या घरांना दारापासून खाली फरशीपर्यंत पायऱ्या आणि भिंतींत जाडजूड लोखंडी कड्या. नदीवरचा पूल बघायला आलेले पाहुणे मला विचारतात, आजोबा, एवढ्या पायऱ्या कशाला? मी सांगतो, पूर्वी इथली माणसं फार बुटकी होती, म्हणून घरं तरी उंच बांधली. लिहून घेतात बिचारे. कड्या कशाला विचारलं की म्हणतो, जावयांना बांधून ठेवायला. तेही लिहून घेतात. खरं तर तिथे होड्या बांधायचे. पण खरं सांगितलं की कोणी लिहून घेत नाही, हा माझा अनुभव.

मी नावाडी. पूल होईपर्यंत या काठावरून त्या काठावर माणसं नेणारा शेवटचा. शाळा चौथीत सुटली, कारण शाळेत नदी नव्हती. आमच्या घराण्याचे नियम दोनच. पलीकडे हात वर झाला की निघायचं, कोण आहे, कशाला जायचंय विचारायचं नाही. आणि उतारूच्या तोंडाकडे पाहायचं नाही. म्हणून दुसरीकडचे नावाडी होडीच्या मागच्या टोकाला उभे राहतात, आम्ही पुढे. दोन्ही काठांवर शिपाई असायचे. कोणाला आणलंस रे, असं त्यांनी दरडावलं की छातीवर हात ठेवून सांगता यायला हवं, साहेब, तोंड पाहिलं नाही. लढाया झाल्या, बंदी आली, माझ्या आजोबांच्या होडीला गोळी लागली. पण हात वर केलेला माणूस आमच्या घराण्याने काठावर ठेवला नाही. हे मात्र लिहून घ्या.

२

समोरच्या घरात माझी मोठी बहीण राहते. ताई. गल्लीच्या या बाजूने त्या बाजूला लग्न करून गेली, म्हणजे जुन्या हिशेबाने परदेशात. पाठवणीच्या वेळी वडील "पोर परमुलखात चालली" म्हणून असे काही रडले की वाजंत्रीवाले थांबले. आणि संध्याकाळी तिच्याकडेच मीठ मागायला गेले.

ताई डावरी. आणि ताई माझ्या विनोदाला आयुष्यात हसलेली नाही. अख्खं गाव पोट धरून हसलं तरी ती नाक मुरडते आणि म्हणते, "झालं तुझं, गुंड्या?" तिला हसवायचं एवढं एकच काम माझं या जगात राहिलंय.

रोज सकाळी मी माझ्या वरच्या पायरीवरून एक खडा तिच्या खिडकीवरच्या पत्र्यावर मारतो. टण्ण! मग खिडकी उघडते आणि ती डाव्या हाताने कांद्याची सालं, चहाचा चोथा, जे असेल ते माझ्या दिशेने भिरकावते. यालाच आम्ही एकमेकांची ख्यालीखुशाली विचारणं म्हणतो.

तर त्या सकाळी खडा मारायला बाहेर आलो आणि पाहतो तर गल्लीत आरडाओरडा. आमच्याकडे चपला खालच्या पायरीवर काढून ठेवायची रीत. त्या सगळ्या चपला, दोन्ही बाजूंच्या, उठून गल्लीच्या खालच्या टोकाला जाऊन पडल्या होत्या. बूट, सपाता, मास्तरांच्या लाकडी खडावा सुद्धा. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

"म्हाताऱ्या!" औषधवाला एका पायात स्वतःचा आणि एका पायात बायकोचा बूट घालून माझ्यावर धावून आला. "वय काय, करतोस काय!"

मास्तर म्हणाले, "एकेक चप्पल उचलून नेलीत? रात्रभर? चिकाटीला दाद द्यायला हवी."

आता खरं सांगायचं तर मी हे केलं नव्हतं. पण इतकी सुरेख खोडी, आणि सगळे माझ्याकडे बघतायत. मी मान थोडी तिरकी केली आणि मिशीत हसलो. तेवढं पुरलं. दिवसभर माझं नाव निघत होतं. दुसऱ्या कोणाचा तरी हार आपल्या गळ्यात पडला तर काढून परत देणारा मनुष्य मी नव्हे.

मनात मात्र खुटखुट लागली. गावात दुसरा कोणी तयार झालाय की काय? मला न विचारता?

३

चोर पकडायला मी खडूची पूड आणली. मास्तरांच्याच कपाटातून, त्यांना न सांगता, म्हणजे तीही एक खोडी झालीच. झोपायच्या आधी माझ्या पायऱ्यांसमोर फरशीवर पातळ पसरून ठेवली. जो येईल त्याचं पाऊल उमटेल, आणि पाऊल बघून मी माणूस सांगू शकतो.

सकाळी चपला पुन्हा गेलेल्या. पुडीवर पाऊल एकही नाही.

पण पूड पसरली होती तशीही राहिलेली नव्हती. तिच्यावर बारीक बारीक वळ्या उठल्या होत्या, एकामागे एक, कंगवा फिरवावा तशा. मी गुडघे टेकून खाली वाकलो. तुम्ही शिकलेली माणसं वाऱ्याचं नाव घ्याल. मीही घेतलं. वाऱ्याने असं होतं, मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. मग आठवलं की वारा पूड उडवतो, अशी नेटकी विंचरत नाही. उथळ पाणी वाळूवरून गेलं की अशा वळ्या पडतात. मी त्या वळ्यांवरून आयुष्यभर प्रवाह वाचलाय. बोट लावून पाहिलं. पूड कोरडी होती.

४

माझी जुनी होडी गेली कित्येक वर्षं माझ्या पायऱ्यांशी पालथी पडलेली आहे. तिच्या पाठीवर बसून औषधवाला, मास्तर आणि मी रोज देशाचा कारभार चालवतो. तिला उलथायची तर सहा गडी लागतात.

एका सकाळी होडी सुलटी होती. तळ खाली, तोंड आकाशाकडे. आतून कोळिष्टकं धुऊन काढल्यासारखी स्वच्छ. आणि ती भिंतीतल्या कडीला दोराने बांधलेली.

"एकट्याने?" औषधवाला इतकंच म्हणाला. त्याच्या आवाजात, सांगायला हरकत नाही, भक्ती होती.

"तब्येत सांभाळून असावं माणसाने," मी म्हणालो. "तुझ्या गोळ्या खात नाही म्हणून जमतं."

मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. पण माझं लक्ष दोराकडे. दोर ताणलेला होता. होडी कोरड्या फरशीवर आपल्या वजनाने बसलेली, मग दोर सैल पडायला हवा की नको? तो खालच्या टोकाच्या दिशेने असा ताठ होता की बोटाने टिचकी मारली तर वाजला. आणि गाठ आमच्या घराण्याची. वडिलांनी मला शिकवलेली, मी कोणाला शिकवलेली नाही. या काठावर तशी गाठ बांधणारा जिवंत माणूस मी एकटा.

मग मीच झोपेत उठतो आणि हे सगळं करतो, असं मी ठरवून टाकलं. सहा गड्यांचं काम झोपेत करणारा म्हातारा! भीती वाटायच्या ऐवजी छाती फुगली. माणूस स्वतःला किती चांगलं फसवू शकतो, ते माझ्यासारख्या मुरलेल्या फसव्यालासुद्धा तेव्हा कळलं नाही.

५

ताईच्या पत्र्याने मात्र मला फसू दिलं नाही.

खडा पोचेना. पहिल्या दिवशी वाटलं, खांदा धरला असेल. जरा जोर लावला तर पत्र्याच्या कडेला लागला. मग तिच्या पायऱ्यांवर पडू लागला. मग तिथेही नाही. ताई खिडकीत उभी राहून काही बोलायची ते मला नीट ऐकू येईना, आणि तिचा तांबडा शालू, म्हणजे ती शाल, पण मी चिडवायला शालू म्हणतो, तेवढी दिसायची, वरचं तोंड धुरकट. डोळ्यांच्या डॉक्टरणीकडे गेलो. तिने तक्ता वाचून घेतला आणि म्हणाली, "आजोबा, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." मी म्हणालो, "मग तुम्ही बसा इथे, मी तपासतो." ती हसली. मला हसू आलं नाही.

पोस्टमन रोज गल्ली ओलांडतो. त्याला विचारलं, ताईकडे जाताना काही वेगळं वाटतं का? तो पायरीवर बसून मोजे पिळत होता.

"वेगळं काय, काका? हल्ली तिकडे गेलं की पाय भरून येतात. आणि मोजे कसे भिजतात देव जाणे. तुम्हीच पाणी टाकत असाल."

"मीच," मी म्हणालो. सवयीने.

त्या दिवशी दुपारी मी ताईकडे गेलो. पायरी उतरलो आणि चालू लागलो. चालतोय, चालतोय. एरवी शिंक यायच्या आत मी पलीकडे असतो. या वेळी मधेच एकदा थांबून दम घ्यावा लागला. फरशी कोरडी, डोक्यावर ऊन, आणि पोटऱ्यांना एका बाजूने कोणी हळूच ढकलतंय.

"ताई, माझ्याकडे राहायला चल," मी तिच्या स्वयंपाकघरात धापा टाकत म्हणालो.

"का? तुझ्या घरी चहा करायला माणूस नाही म्हणून?"

"गल्लीतून नदी येतेय."

"झालं तुझं, गुंड्या?"

"या वेळी खरंच सांगतोय गं. ती आपल्या जुन्या जागेवर येतेय. आणि ती आली की तू पलीकडे, मी अलीकडे. तुझ्या घराला मागचं दार नाही. बाहेर पडायला ही गल्लीच."

ताईने डाव्या हाताने माझ्यासमोर कप ठेवला, कान तिच्या बाजूला, नेहमीसारखा. मला तो फिरवून घ्यावा लागतो. "हे बघ. अख्ख्या गावाला तू आयुष्यभर लांडगा आला म्हणून नाचवलंस. मी या घरात सून म्हणून आले, सासू झाले, एकटी झाले. आता तुझ्या गमतीसाठी घर सोडू? आणि समजा आलीच नदी, तर काय बिघडलं? तू नावाडी आहेस ना? की नुसत्या बाता?"

मी कपातला चहा फुंकत बसलो.

"हात वर कर," मी निघताना म्हणालो. "लागलंच काही, तर पायरीवर येऊन हात वर कर. मी येईन."

"मुडदा पाडीन," ताई म्हणाली. म्हणजे बरं.

औषधवाल्याला आणि मास्तरांना सांगितलं, तर दोघं इतके हसले की मास्तरांचा चष्मा पडला. "चपला, होडी आणि आता नदी! म्हाताऱ्या, ही तुझी सगळ्यात मोठी."

दुसऱ्या दिवशी मी सकाळी खडा मारला. तो गल्लीच्या मध्यावर खाली गेला. फरशीवर टक्क व्हायला हवं होतं.

डुबुक.

६

त्याच दुपारची गोष्ट. भर दुपार, लख्ख ऊन. गाव जेवून आडवं झालेलं. औषधवाल्याच्या दुकानाची फळी खाली. गल्लीत चिटपाखरू नाही. मी वरच्या पायरीवर बसून ताईच्या दाराकडे बघत होतो, आणि ते दार पूर्वीच्या काठाएवढं लांब होतं. हे मी अंदाजाने सांगत नाही. तेवढं अंतर माझ्या दंडांना पाठ आहे.

घरात भिंतीला टांगलेला माझा बांबू काढून आणला, खोली बघायचा. खालच्या पायरीवर उभा राहिलो. समोर फरशी, दगडांच्या भेगांत वाळलेलं गवत, एक मुंगी चाललेली. बांबूचं टोक फरशीवर ठेवलं आणि दाबलं.

ते आत गेलं. फरशी फुटली नाही, हलली नाही, मुंगीसुद्धा थांबली नाही. बांबू मात्र हातातून खाली सरकत राहिला, कोपर बुडेपर्यंत, आणि हाताला गार ओढ लागली, उजवीकडे, जोराची, माझ्या ओळखीची. बांबूला तळ लागला नाही.

माझी पाचावर धारण बसायला हवी होती. बसलीही. पण खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं ते भीतीचं नव्हतं. पूल झाल्यापासून त्या ओढीने माझा हात धरला नव्हता. इतक्या वर्षांनी ती माझ्याच दारात आली होती, औषधवाल्याच्या नाही, मास्तरांच्या नाही.

मग वर पाहिलं तर समोरच्या पायरीवर तांबडी शाल, आणि वर केलेला हात.

विचार केला नाही. दोर सोडला, होडीत उडी मारली, वल्हं घातलं. होडी डुलली. कोरड्या गल्लीत, रणरणत्या उन्हात, दोन्ही बाजूंच्या बंद खिडक्यांमधून मी वल्हवत गेलो, आणि सांगतो, एकही हात चुकला नाही. प्रवाहाला तिरकं घेत बरोबर तिच्या पायरीला टेकवली, काडीचाही धक्का न देता. बघायला कोणी नव्हतं, याचंच एक वाईट वाटतं.

तोंड पाहायचं नसतं. मी पुढे, पाठ करून उभा राहिलो. मागे होडी दबली. शालीचा सरसर आवाज आला.

"बस नीट," मी म्हणालो. "परदेशातून येतेयस."

परत येताना ऊन पाठीवर होतं आणि मला मागून थंड लागत होतं. पाण्यावरून आलेला वारा असणार, मी स्वतःला म्हणालो. होडीत वजनही जरा जास्त वाटलं. म्हातारपणी माणसं जड होतात, हेही म्हणालो.

माझ्या पायरीला लागलो. उतारूने आधी उतरायचं असतं. ती मागच्या मागे उतरून पायऱ्या चढली आणि माझ्या घरात गेली. मी वाकून दोर कडीत ओवू लागलो. पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे होते, दारापर्यंत. आत पातेलं वाजलं, चूल पेटल्याचा आवाज आला. ताई माझ्या घरात! आता बसेल माझ्या भांड्यांना नावं ठेवत. जीव असा काही भांड्यात पडला की मी गाठ मारता मारता ओरडलो, "बाईसाहेब! कागदपत्रं दाखवा, नाहीतर जावयाच्या कडीला बांधून ठेवीन!"

आतून हसण्याचा आवाज आला. खुदकन. मग पुन्हा. पोट धरून हसावं तसं, थांबतच नव्हतं.

आवाज ताईचाच.

माझे हात दोरावर तसेच राहिले.

तोंडं न पाहता मी आयुष्यभर माणसं हातांवरून ओळखली. कोणाचा हात कापतो, कोणाची बोटं मिटलेली असतात, कोण खांद्यातून उचलतो आणि कोण नुसतं कोपरातून. मी डोळे मिटून मघाचा हात आठवला. तांबडी शाल, आणि वर केलेला हात.

उजवा.

डोळे उघडून मी पलीकडे पाहिलं. लांब, ताईच्या पायरीवर, तांबडी शाल होती. बाकीच्या फरशीखाली बुडाल्या होत्या, पायरी उरली होती शेवटची, वरची. आणि तिचा डावा हात वर होता. खांद्यातून उचललेला, ताठ, रागावलेला. माझ्यावर चिडलेली माणसं मी फार पाहिली, पण त्या हातासारखा चिडलेला हात एकच आहे.

इतर घरांच्या पायऱ्यांवरही कोणी कोणी येऊन उभं राहिलं होतं. त्यांच्या पायांशी गाठोडी होती. त्यांचे हात अजून खाली होते.

"गुंड्या," आतून ताईचा आवाज आला, हसून हसून दमलेला. "कुठे निघालास? चहा झालाय."

मी मागे पाहिलं नाही, पण दाराच्या आत कोनाड्याजवळ ठेवलेला कप मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. त्याचा कान माझ्या बाजूला होता. मला फिरवावा लागणार नव्हता.

लढाया झाल्या, बंदी आली, आजोबांच्या होडीला गोळी लागली. मी छाती भरून घेतली आणि वडील द्यायचे तशी आरोळी ठोकली, पलीकडे पोचेल अशी.

"आलोऽ होऽऽ!"

पलीकडचा डावा हात खाली आला. कळलं, म्हणून.

गाठ सोडली. वल्हं उचललं. तेवढ्यात मागे पायऱ्यांवर ओली पावलं वाजली, एकेक, सावकाश, खाली येणारी, आणि होडी मागच्या बाजूने दबली. शाल सरसरली. कोणीतरी माझ्या पाठीशी नीट सावरून बसलं आणि अजून आपलं थोडं थोडं हसत होतं.

होडीत चढलेल्या उतारूला हाकलत नाहीत. तोंड पाहत नाहीत. मी पुढे बघून पहिला हात मारला.